रेघ मुलाची, रंग सुनेचा

थोरल्या बाईंच्या घराचा एक नियम होता आणि तो त्यांच्या सासूच्या सासूच्याही आधीपासूनचा होता. रेघ मुलाची, रंग सुनेचा. घरात जन्मलेल्यानं काळ्या शाईनं चित्राची रेघ ओढायची, बाहेरून लग्न होऊन आलेलीनं त्यात रंग भरायचे. रेघ म्हणजे हाड आणि रंग म्हणजे वरची कातडी, असं थोरल्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हाड घरचं हवं, कातडी काय, कुणाचीही चालते. त्यांनी स्वतः एकतीस वर्षं नवऱ्याच्या रेघेत रंग भरले होते. एकतीस वर्षांत कुणी एका शब्दानं बरं म्हटलं नाही. मग त्यांनी तरी सुनेला का म्हणावं? आपल्याला जे मिळालं तेच माणूस पुढे वाढतो.

घराचा धंदा पोथ्यांचा. पोथी म्हणजे वाचायची नव्हे, बघायची. जाड कागदाच्या पानांवर रामायण-महाभारतातले प्रसंग काढायचे, दोन पानं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवायची आणि अशा चोवीस चित्रांची एक पोथी कथेकऱ्याला द्यायची. तो एकेक चित्र लोकांसमोर उभं धरणार आणि कथा सांगणार. कथा सुरू करण्याआधी तो मोठ्यानं म्हणणार, "रेघ अमक्याची." रंगाचं नाव कुणी घेत नसे. तशी रीतच नव्हती.

मुलगा आणि सून वरच्या खोलीत काम करत. रेघ ओढताना श्वास धरावा लागतो, दाराची कडी वाजली तरी हात हलतो, म्हणून काम चालू असताना वर कुणी जायचं नाही हा दुसरा नियम. तो थोरल्या बाईंचाच. तसंही त्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीच काडीमोड घेतला होता. सकाळचा चहा झाला की मुलगा तयार पान खाली आणायचा, त्या ते खिडकीशी धरायच्या आणि दरबार भरायचा.

"ही बघ, ही रेघ," त्या सुनेला हाक मारून सांगायच्या. "कपाळापासून हनुवटीपर्यंत एका दमात आली आहे. कुठे टेकली नाही, कुठे भ्यायली नाही. बापापेक्षा सरस हात आहे माझ्या लेकाचा. तू सात जन्म घेतलेस तरी अशी रेघ ओढशील का?"

"नाही, आई," सून भांडी विसळता विसळता म्हणायची.

"आणि हा रंग! हा कृष्ण आहे, का नीळ जास्त झालेली चादर? आणि ही द्रौपदीची साडी, डोळ्यांत बोट घातल्यासारखी. बाजारात मिरच्या विकायला बसली आहेस का तू? एवढ्या सोन्यासारख्या रेघेची माती केलीस."

मुलगा खाली बघत उभा असायचा. कधी म्हणायचा, "असू दे ना, आई."

"तू मधे पडू नकोस. बायकोची बाजू घेणाऱ्याला रेघ सोडून जाते."

नऊ वर्षं अशा सकाळी झाल्या. मग एका आठवड्यात सगळं संपलं. मुलाला खोकला होताच, तो वाढला, ताप भरला, दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं होतं, "हे काम काय करतात? दगड फोडायचं, दळायचं वगैरे?" थोरल्या बाई त्या अवस्थेतही ताठ झाल्या. "आमच्या घरात पुरुष दगड दळत नाहीत. रेघ ओढतात."

अडीच महिन्यांनी कथेकरी आला. थोरल्या बाईंच्या नवऱ्याचा तो जुना मित्र. पातळ, उंच, आणि आवाज मात्र घागरीतून आल्यासारखा. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, पण तो कशासाठी आलाय ते दोघांनाही माहीत होतं. युद्धाच्या पोथीचं काम मुलाकडे होतं. द्यूतापासून सुरुवात आणि शेवटी गांधारी. चोवीसांपैकी अकरा पानं झाली होती. तेरा कोरी होती.

"वहिनी, बोलायला जड जातंय," कथेकरी म्हणाला. "पण पुढच्या महिन्यात सभागृह घेतलंय. उरलेली तेरा दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का? नदीपलीकडचं घर आहे, ते करतील."

"माझ्या लेकाची शेवटची पोथी त्या घरात जाणार? ज्यांची रेघ लंगड्या कोंबडीसारखी चालते त्या घरात?"

"मग काय करायचं?"

"मी करते पुरी. रेघ माझ्या मुलाची, असंच म्हणायचं तुम्ही सभेत. अकरा त्याची, तेरा माझी, पण नाव त्याचं. एवढं एक माझं ऐका, भावोजी."

कथेकऱ्यानं मान हलवली. मग अकरा पानं त्यानं एकेक करून भिंतीशी उभी केली आणि मागे मागे सरकत पार दारापर्यंत गेला. "हे असे रंग मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत," तो म्हणाला. "खरं सांगू का? मागच्या रांगेतल्या माणसाला रेघ दिसत नाही. त्याला रंगच दिसतो. लोक तुमच्या घरची पोथी मागतात ती ह्या निळ्यासाठी."

थोरल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. मुलगा जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि हा घरात येऊन सुनेचं कौतुक करतो! "चहा घ्या, निवतोय," त्या म्हणाल्या. दारात उभ्या असलेल्या सुनेकडे त्यांनी नजर टाकली. सुनेचे डोळे भरले होते. ढोंग, थोरल्या बाईंनी मनात म्हटलं. कौतुक झालं की लगेच पाणी.

दुसऱ्या दिवशी मुलाचा पाट, शाईची दौत आणि कुंचले त्यांनी खाली आणवले. सुनेनं कागद ताणून दिला. बारावं पान कर्णाचं होतं. रथाचं चाक जमिनीत रुतलंय, कर्ण खाली उतरून ते उपसतोय आणि मान वळवून अर्जुनाकडे बघतोय. नवऱ्याला ते चित्र काढताना थोरल्या बाईंनी वीसेक वेळा पाहिलं होतं. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, सगळं पाठ होतं. त्यांनी कुंचला बुडवला, श्वास धरला आणि चाकाचा गोल घेतला. अर्ध्या गोलात हात थरथरला. चाक बटाट्यासारखं झालं.

"कागद नीट ताणलेला नाही," त्या म्हणाल्या.

सुनेनं दुसरा दिला. दुसऱ्यावर कर्णाचं नाक मोडलं. तिसऱ्यावर शाईचा थेंब पडला. चौथ्यावर त्यांनी फक्त चेहरा घेतला आणि तो चेहरा कर्णाचा नव्हताच, दाढदुखीनं बेजार झालेल्या कुणा कारकुनाचा होता. पाहणं आणि करणं ह्यात किती अंतर असतं ते त्यांना सत्तरीत कळत होतं, आणि तेही सुनेसमोर.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या.

"मी हसत नाही, आई."

"मनात हसते आहेस."

सुनेनं पदर खोचला, पाचवा कागद ताणला आणि सासूच्या हातातून कुंचला घेतला. मागून घेतला नाही, सरळ काढून घेतला.

"अगं, ठेव तो! रेघेला हात लावतेस?"

सुनेनं श्वास धरला होता. चाकाचा गोल एका फेरीत पुरा झाला. मग आरे, मग कर्णाची वाकलेली पाठ, खांदा, आणि शेवटी कपाळापासून हनुवटीपर्यंत ती एक लांब रेघ, कुठे टेकली नाही, कुठे भ्यायली नाही. खोलीत कागदावरच्या कुंचल्याचा आवाज तेवढा होता.

थोरल्या बाईंना अक्षरं लावून लावून वाचावी लागत. पण रेघ त्या धडाधड वाचायच्या. कुणाचा हात, कुठे श्वास सोडला, कुठे मनात दुसरं काही आलं, सगळं. त्यांनी कागद ओला असतानाच उचलला आणि अकरावं पान शेजारी धरलं. अकराव्यावर चक्रव्यूहातला अभिमन्यू होता. नाकाच्या शेंड्यावरून खाली येताना रेघ जरा जाड व्हायची, मग पुन्हा बारीक. कर्णाच्या नाकाशीही तशीच जाड झाली होती.

"त्याच्याकडून गिरवून गिरवून शिकलीस," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून ऐकू आला.

"हे पान ह्यांनी कधी काढलंच नव्हतं. गिरवणार कशावरून?"

"मग?"

सुनेनं कुंचला धुतला, टोक ओठांत धरून नीट केलं आणि दौतीला टेकवून ठेवला. "ह्यांच्या हातात रेघ नव्हती, आई. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच मला कळलं. वर बसून कागद फाडायचे. मामंजी गेले आणि सगळं ह्यांच्यावर आलं. एक दिवस म्हणाले, तू ओढून बघ. मी ओढली. माझ्या माहेरी रांगोळीच्या पलीकडे कुणी रेघ ओढली नव्हती, पण आली. मग तेव्हापासून मीच."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"आणि तो काय करत होता? वर बसून माशा मारत होता?"

प्रश्न तोंडातून गेला आणि त्याच क्षणी थोरल्या बाईंना उत्तर कळलं. पण बाण सुटला होता. सून आता थांबणार नव्हती.

"रंग," ती म्हणाली. "सगळे रंग ह्यांचे. दगड आणायचे, खलात कुटायचे, पाट्यावर वाटायचे, दिवस दिवस वाटायचे. खिडकी लावून घ्यायचे, तुम्हाला आवाज यायला नको म्हणून. पूड सगळ्या खोलीत उडायची. मी म्हणायची, तोंडाला फडकं बांधा. म्हणायचे, मग रंगाचा वास कळत नाही."

डॉक्टरनं उजेडाला धरलेला तो छातीचा फोटो थोरल्या बाईंच्या डोळ्यांपुढे आला. त्या भिंतीला टेकल्या.

"मला सांगायचं होतंस."

"मी म्हणत होते सांगू या. ते म्हणायचे, नको. आई रेघेकडे बघून हसते, तेवढं एक तिचं हसू आहे. ते कशाला घालवायचं?"

"आणि मी रोज सकाळी..." थोरल्या बाई थांबल्या. चिखल, चादर, मिरच्या, माती. नऊ वर्षांत एकही सकाळ त्यांनी रिकामी जाऊ दिली नव्हती. त्यांचा एक शब्द असा तयार असायचा की गल्लीतल्या बायका मुद्दाम चहाच्या वेळेला मीठ मागायला यायच्या. आणि तो दारात खाली बघत उभा असायचा. "काय म्हणायचा तो, वर गेल्यावर?"

खोटं बोलावं का, ह्याचा सून विचार करत असावी. "कधी कधी रंग पुसून पुन्हा भरायचे," ती शेवटी म्हणाली. "म्हणायचे, आई म्हणते त्यात काहीतरी असेल."

त्या दिवशी थोरल्या बाई जेवल्या नाहीत. सुनेनं ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

पोथी मात्र पुरी व्हायची होती. रेघेचा प्रश्न सुटला होता. सून रोज एक पान ओढत होती आणि आता खालीच, सासूच्या समोर. चाक, गदा, मोडलेली मांडी, जळते तंबू. तेरा पानं तेरा दिवसांत झाली. पण रंग कोण भरणार? सुनेला रंगातलं ओ की ठो येत नव्हतं. रंग भरण्याची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

"एकतीस वर्षं मी हेच केलंय," थोरल्या बाई म्हणाल्या. "हात थरथरला तरी रंगाला चालतं."

मुलाच्या रंगाशी आपला रंग जुळवायचा, म्हणजे त्याची पोथी त्याचीच राहील, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. गुडघे धरून, एकेक पायरी बसत त्या नऊ वर्षांत पहिल्यांदा वर गेल्या. खिडकीच्या चौकटीवर, पाट्यावर, पलंगाच्या पायांवर निळ्या पुडीचा थर होता. बशा रिकाम्या होत्या. काही दगड उरले होते, डिंक होता. किती वाटायचं, डिंक किती, पाणी कधी, ह्याची कुठे खूण नव्हती.

"हा निळा तो कसा करायचा गं?"

"मला माहीत नाही, आई."

"शेजारी बसून माहीत नाही?"

"माझी पाठ त्यांच्याकडे असायची. मला उजेड खिडकीच्या काचेतला लागायचा, त्यांना दाराकडचा. आणि श्वास धरून बसल्यावर मागे वळून कोण बघतं?"

थोरल्या बाईंनी दगड वाटले. तोंडाला फडकं बांधलं नाही. सुनेनं दोनदा आणून दिलं, दोनदा त्यांनी बाजूला ठेवलं. डिंक कमी घातला, जास्त घातला. रात्रभर भिजवलेलं पाणी घेतलं, ताजं घेतलं. कागदाच्या तुकड्यावर रंग लावून तो मुलाच्या कृष्णाशेजारी धरायचा आणि फेकून द्यायचा, असे चाळीस-पन्नास तुकडे झाले. मुलाचा निळा वाळल्यावरही ओला दिसायचा, त्यात बोट बुडेलसं वाटायचं. त्यांचा निळा वाळला की विझायचा. आता इतक्या जवळून बघताना त्यांना दिसलं की द्रौपदीच्या साडीत एक लाल नव्हता. सात-आठ होते, एकाखाली एक, आणि दुःशासनाच्या हातापासून जसजशी साडी लांब जायची तसतसे ते लाल बदलत जायचे. हे त्यांनी मिरच्या म्हणून मोडीत काढलं होतं. रंगावर आयुष्य घालवलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. पण त्यांनी रंगाकडे कधी बघितलंच नव्हतं. तो सुनेचा आहे एवढं त्यांना पुरलं होतं.

"ह्यापेक्षा नाही होणार," शेवटी सून हळूच म्हणाली. "दिवस थोडे राहिलेत."

"मला शिकवू नकोस," थोरल्या बाई म्हणाल्या, पण नेहमीची धार त्यात नव्हती. त्यांनी तेरा पानं भरली. शेवटच्या पानावर गांधारी शंभर मुलांच्या प्रेतांमधून चाचपडत चालली होती. शंभर म्हणून सुनेनं तेवीस काढली होती, बाकीची काठाबाहेर. प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा असं थोरल्या बाईंच्या मनात होतं. चार-पाचांनंतर वेगळे रंग सुचेनात. मग सगळ्यांना एकच मातकट रंग दिला.

कथेकरी पोथी न्यायला आला. त्यानं सगळी पानं पाहिली. बाराव्याशी थोडा थांबला, पुढचं उलटलं. भला माणूस. पानं फडक्यात बांधता बांधता म्हणाला, "तर मग रेघ तुमच्या मुलाची म्हणू?"

सून चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "रेघ सुनेची म्हणा. सगळ्या चोवीस पानांची. ह्या आधीच्या नऊ वर्षांतल्या पोथ्यांचीही तिचीच, पण ते माझं मी गल्लीत सांगेन."

कथेकऱ्याच्या हातातली गाठ अर्धीच राहिली. सुनेच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "आई, नको," ती म्हणाली. "त्यांचं नाव जाईल."

"नाव जात नाही. भावोजी, पुढे म्हणा, पहिल्या अकरा पानांचा रंग मुलाचा."

"वहिनी, रंगाचं नाव सभेत कुणी घेत नाही. लोक विचारतील हे काय नवीन."

"विचारू द्या. रीत काय, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनीच घातलेली असते."

"आणि पुढच्या तेरांचा रंग?"

"त्याचं नाव घेऊ नका. नुसतं पाहूनच कळेल."

सभागृह लांबट होतं. पत्र्याच्या खुर्च्या, दुपार असूनही खिडक्यांना जाड पडदे, आणि पुढे चित्र ठेवायच्या तिकाटण्यावर दोन दिवे सोडलेले. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. थोरल्या बाई तिथे बसल्या नाहीत. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्या पार मागे गेल्या, भिंतीला लागून असलेल्या रांगेत.

कथेकऱ्यानं सांगितलं तसंच म्हटलं. रेघ सुनेची, पहिल्या अकरा पानांचा रंग मुलाचा. पुढे थोडी कुजबुज झाली, कुणीतरी "कोण म्हणाले?" असं विचारलं आणि पहिलं पान तिकाटण्यावर चढलं.

मागून रेघ दिसत नव्हती. थोरल्या बाईंनी डोळे बारीक केले, मोठे केले. नाक, हनुवटी, बोटं, ज्यांच्यावर त्यांनी नऊ वर्षं जीव टाकला त्यातलं काही काही दिसत नव्हतं. रंग दिसत होता. तो अंधारातून एवढ्या लांब चालत येत होता. द्रौपदीचं पान लागलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी आईच्या मांडीवर उभी राहिली आणि म्हणाली, "संपतच नाही साडी!" कुणी तिला गप्प केलं नाही. कृष्ण आला, वन आलं, सैन्यं समोरासमोर आली. अभिमन्यू आला आणि सबंध सभागृहात एक पत्र्याची खुर्चीही वाजली नाही.

मग बारावं पान चढलं. दिवे तेच होते, कथेकऱ्याचा आवाज तोच होता, उलट कर्णाच्या प्रसंगाला तो जास्तच चढला होता. पण तिकाटण्यावर कुणीतरी ओलं फडकं टाकावं तसं झालं. मागच्या रांगेतला एक माणूस खोकला. दोन खुर्च्या वाजल्या. ती मुलगी मांडीवरून उतरली आणि आईच्या पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"चाक छान आलंय, नाही?" सुनेनं कानाशी विचारलं.

"दिसतंय का तुला इथून?"

"नाही," सून म्हणाली.

थोरल्या बाईंनी तिचा हात धरला. धरला असं नाही, हातावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. कथेकऱ्यानं तेरावं पान चढवलं. पुढे कुणीतरी पडदा बाजूला करून बाहेर गेलं, उजेडाची एक पट्टी आत येऊन मिटली. अजून अकरा पानं होती. थोरल्या बाई ताठ बसून ती सगळी बघत राहिल्या.